बुर्किना फासोची वेचणी

उमरखेड मागं टाकून गाडी ढाणकीच्या रस्त्याला लागली की मी खिडकीची काच सरकवते. थंडी असो, धूळ असो, शेजारचं माणूस कितीही कुरकुरो. परवाही सरकवली. शेजारी एक मावशी कानाला पदर गुंडाळून बसली होती. म्हणाली, "काच लाव ना व बाई, सर्दी झाली मले." मी म्हटलं, "मावशी, एवढं एक वळण जाऊ द्या." वळण गेलं, मावशीही शिंकली, आणि डाव्या हाताला ते शेत आलं. कापसाची पऱ्हाटी कमरेएवढी, पानं तांबूस पडलेली आणि बोंडं अशी फुटलेली की कुठं हात घालावा ते कळू नये.

माझी पुण्याची रूममेट सायली म्हणते, कापसाला वास नसतो. तिनं कापूस फक्त औषधाच्या दुकानात निळ्या कागदात गुंडाळलेला पाहिला आहे, म्हणून मी वाद घालत नाही. सकाळचं दव उडत असताना, पानं वाळायला लागलेली असताना, बाजूच्या तुरीला पिवळा फुलोरा आलेला असताना जो वास येतो, तो कापसाचा नसेल तर नसेल. मला तो कापसाचाच वाटतो. तो नाकात गेला की मला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाची वेचणी आठवते, आणि मी बसमध्ये एकटीच हसायला लागते. मावशी जरा सरकूनच बसली.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा ढाणकीच्या पुढं, पैनगंगेच्या अलीकडं. घरात गोर बोली, बाजारात वऱ्हाडी, पुण्यात मराठी आणि वर्गात इंग्रजी, असा माझा रोजचा प्रवास असतो. इथं घरची बोलणी मी वऱ्हाडीतच लिहिते, म्हणजे तुम्हालाही कळतील. फक्त आईला याडी म्हणते, तेवढं राहू द्या. ते बदललं तर ती हाक दिल्यावर ओ देणार नाही.

पुण्याला मी गेले ती अर्थशास्त्र शिकायला. त्यात घरच्यांना काही अडचण नव्हती. अर्थशास्त्र म्हणजे बँक, असा तांड्याचा हिशेब होता. पण दुसऱ्या वर्षी विद्यापीठानं विचारलं, आणखी एक मुख्य विषय घेणार का? मी यादीवरून नजर फिरवली आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासावर थांबले. का थांबले ते तेव्हा सांगता आलं नसतं. लहानपणी नायककाकांच्या ओट्यावर लदेणीच्या गोष्टी ऐकल्या होत्या. आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून या राज्यातून त्या राज्यात जायची, राजे एकमेकांशी भांडत असले तरी यांचे बैल दोन्हीकडून चालायचे. नायककाका म्हणजे आमच्या तांड्याचे नायक, नात्यानं बाचे चुलतभाऊ. त्यांच्या गोष्टीत प्रत्येक वाट शेवटी हैदराबादला पोचायची.

बाला फोन करून सांगितलं, "बा, यात देशादेशांचा व्यवहार शिकवतात. कोण कोणाशी कसं बोलते, माल कसा जाते, भांडण कसं मिटते."

बा म्हणाला, "तो तं आपला जुना धंदाच होय. बैल देतात का कालेजातून?"

पण मेख पुढं होती. एक विषय घेतला तर तीन वर्षांत मोकळं. दोन्ही पुरे करायचे तर चौथं वर्ष लागणार. आणि बानं शिकायला तीनच वर्षं कबूल केली होती. पुसदकडचं एक स्थळ कधीपासून विचारत होतं. मुलगा शिक्षक, माणसं साधी, नाव ठेवायला जागा नाही. हीच अडचण होती. वाईट स्थळ असतं तर मला भांडता आलं असतं. चौथ्या वर्षाचं काय, असं विचारलं की बा म्हणायचा, "पाहू." आमच्या घरात "नाही" झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारता येतं. "पाहू" झालं की मात्र कोणी विचारायचं नाही.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी या नव्या विषयाच्या मॅडमनी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकाला एक देश मिळणार, मग सगळ्या देशांनी बसून कापसाच्या व्यापारावर वाटाघाटी करायच्या. वर्ग अगदी जोरात होता. कोणाला अमेरिका निघाली, कोणाला चीन, साताऱ्याच्या एका मुलीला ब्राझील. मी चिठ्ठी उघडली तर बुर्किना फासो. मागच्या बाकावरून कोणीतरी "अरेरे" म्हणालं. मला मात्र नाव फार आवडलं. दोन-तीनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. संध्याकाळी बाचा फोन आला तेव्हा पहिलं तेच सांगितलं.

"कोठी आला हा?" बानं विचारलं.

"आफ्रिकेत."

"काय पिकवतात?"

"कापूस."

मग बा म्हणाला, "मंग यंदा कसा आहे त्यायचा?"

त्या दिवसापासून आमच्या फोनची रीतच बदलली. आधी बा विचारायचा, जेवली का, पैसे आहेत का. आता विचारायचा, त्यायची वेचणी लागली का? मी ग्रंथालयात बसून शोधायचे आणि संध्याकाळी सांगायचे. लागली बा, आपल्यासंगंच लागते. "हातानं वेचतात का मशीननं?" हातानं. "मंग बाया भेटत नसतील वेळेवर." भेटत नाहीत, घरचीच माणसं वेचतात. "दव पडते का तिकडं? ओला कापूस भरला तं व्यापारी लगेच भाव पाडते." मी सांगितलं की तिकडं दवापेक्षा धूळ जास्त, हिवाळ्यात वाळवंटाकडून कोरडा वारा सुटतो. बाला ते पटलं नाही. "म्हणजे कापसात माती जाईन ना व. तेवढं सांभाळा म्हणा त्यायले." जणू मी तिकडच्या सरपंचाला रोज भेटत होते. पण खरं सांगते, माझा त्या विषयाचा जेवढा अभ्यास झाला तो बाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायच्या धाकानं झाला. मॅडमच्या प्रश्नांना "नंतर बघून सांगते" म्हणता यायचं. बाला म्हटलं की तो म्हणायचा, "तुहाच देश अन् तुलेच माहीत नाई?"

आणि मग ती वाटाघाटींची पहिली फेरी.

इथं तांड्याची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं कुठलीही बैठक असो, बैलाचा सौदा, बांधाचं भांडण, नाहीतर सोयरीक, मुद्दा आधी काढत नाहीत. येणारा आधी बसलेल्या प्रत्येकाला वेगळा राम राम करतो. मग पाऊस. मग पीक. मग ढोरं. मग कोणाची पोरगी कुठं दिली, ती बरी आहे का. पाणी येतं, चहा येतो. सगळ्यांचं सगळं विचारून झालं की मग कोणीतरी सहज बोलल्यासारखं म्हणतो, "बरं, ते आपलं एक काम होतं." त्याच्या आधी काम काढणारा माणूस म्हणजे घाईचा, आणि घाईच्या माणसावर कोणी भरवसा ठेवत नाही.

मला पाच मिनिटं होती. उभी राहिले, आणि हे सगळं मी इंग्रजीत सुरू केलं. एकेका देशाचं नाव घेऊन नमस्कार. मग अमेरिकेकडं वळून विचारलं, यंदा तुमच्याकडं पाऊसपाणी कसं झालं? अमेरिका म्हणजे नाशिकचा एक मुलगा. त्यानं गोंधळून कागद चाळले, त्यात पाऊस नव्हता. ब्राझीलला विचारलं, ती बिचारी म्हणाली, बरा झाला, थँक्यू. चीनला पिकाचं विचारलं. पाकिस्तानला त्यांच्या पुराचं विचारलं, माणसं सावरली का म्हणून. मला वाटत होतं, बैठक छान रंगतेय. घंटी वाजली.

मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "पूनम, बुर्किना फासोचा मुद्दा काय होता?"

मी म्हटलं, "येतच होते मॅडम."

वर्ग इतका हसला की बाजूच्या वर्गातले शिक्षक डोकावून गेले. मीही हसले. हसू थांबल्यावर मात्र फार वाईट वाटलं. मुद्दा मला पाठ होता. त्या देशातल्या बायांचे हात बोंडाच्या टोकांनी कसे चिरत असतील हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं, आणि नेमकं तेच सांगायचं राहिलं.

मॅडम चांगल्या होत्या. नंतर बोलावून म्हणाल्या, "इथे वेळ मोजका असतो. आधी मुद्दा, मग कारणं. दुसरी फेरी सुट्टीनंतर आहे. आणि हो, चौथ्या वर्षाचं हो की नाही ते आल्यावर नक्की सांग. अर्धवट ठेवता येणार नाही."

आधी मुद्दा, मग कारणं. गाडीत बसल्यापासून उमरखेडपर्यंत मी तेच घोकत आले. ते दुसऱ्या फेरीसाठी नव्हतं, बासाठी होतं.

घरी पोचले तर याडीनं वेचणी माझ्यासाठी थांबवून ठेवली होती. पहिल्या वेचणीला आमच्या भागात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या एका झाडाखाली जागा सारवायची, छोटे दगड मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि थोडं दही झाडांवर शिंपडायचं. मग पहिलं बोंड. त्या दह्याचा आणि ओल्या मातीचा वास एकत्र झाला की शेतातच भूक लागते. याडी म्हणाली, "तुह्या देशात असं काही करतात का व?" मी म्हटलं, शोधून सांगते. बाचा आजार तिलाही लागला होता.

संध्याकाळी नायककाकांच्या ओट्यावर चारचौघं जमली होती. बाही होता. मी ठरवलं, हीच वेळ. गेले, उभी राहिले आणि म्हणाले, "मले चवथं वर्ष करायचं आहे. त्याची तीन कारणं आहेत."

एका काकांनी विडी विझवली. दुसऱ्यांनी उगीच बैलाकडं पाहिलं. नायककाका अगदी मायेनं म्हणाले, "कधी आली व पुनम? गाडी भेटली का लवकर?"

"भेटली काका."

"पुण्यात थंडी असन."

"आहे काका."

"बस ना मंग. उभी काहून?"

मी बसले. त्यांनी पुण्याच्या थंडीचं विचारलं, मग वसतिगृहाच्या जेवणाचं, मग तिथं पाणी रोज येतं का ते. माझी तीन कारणं तशीच हवेत लटकत राहिली. कोणी त्यांना हात लावला नाही. घरी येताना बा रागावला नव्हता, पण म्हणाला, "लोकायले पाणी तरी पिऊ द्यायचं होतं." याडी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला सगळं कळल्यावर ती इतकी हसली की भाकरी काठाला फाटली. पुण्यात मी तांड्यासारखी बोलले आणि तांड्यात पुण्यासारखी. दोन्हीकडं माझं काम राहून गेलं. मी रुसून म्हटलं, "मंग मी बोलू तरी कोठी?" याडी म्हणाली, "उद्या वावरात बोल. तिथं कोणी घाई करत नाई."

वावरात खरंच कोणी घाई करत नाही. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हात चालवत ओळीनं पुढं सरकायचं. तोंड मोकळंच असतं. मी, याडी, नायककाकांच्या घरची काकी. काकीनं विचारलं, "दोन दोन विषय कायले शिकून राह्यली व पोट्टी? एकानं पोट नाई भरत?" मी सांगायला लागले आणि अडकले. मेजर म्हणजे काय, हे मराठीतही धड सांगता येत नव्हतं. तेवढ्यात माझी नजर बांधापलीकडच्या शेतावर गेली. तिथं पावसाळ्यात सोयाबीन होतं आणि मधे मधे तुरीच्या ओळी. सोयाबीन दसऱ्याच्या सुमारालाच निघालं होतं. आता तिथं फक्त तूर उभी होती, लांब लांब ओळींत, फुलोऱ्यानं पिवळी, एकटी पण ऐटीत.

मी म्हटलं, "काकी, अर्थशास्त्र म्हणजे ते सोयाबीन. अन् हे दुसरं म्हणजे तूर. एकाच वावरात, एकाच पावसावर. पण तुरीले वेळ लागते."

काकीनं तिकडं पाहिलं. "मंग सोयाबीन निघालं की तूर उपटायला निघाला का तुहा बाप?" असं म्हणून ती पुढच्या झाडाकडं सरकली. याडी त्या दिवशी वेचताना एकदाही माझ्या ओळीच्या पुढं गेली नाही, बरोबरीनं चालत राहिली. एरवी ती मला मागं टाकते आणि वर टोमणे मारते.

वेचणीत एक सुख आहे. विचार करायला हात लागत नाहीत. बोटांना बोंड आपोआप कळतं आणि डोकं हवं तिकडं जातं. माझं डोकं त्या दिवसांत सारखं बुर्किना फासोला जायचं. तिकडंही याच वेळी कोणी पोरगी ओटी बांधून उभी असेल, तिच्याही घरी तिचं काहीतरी ठरायचं राहिलं असेल. वर्गात हे "कापूस उत्पादक देश" म्हणून एका ओळीत येतं. मला ती ओळ वेचणीच्या ओळीसारखी दिसायला लागली, आणि हा विषय आता माझ्याच्यानं सोडवणार नाही हे मला तिथं कळलं. कळून उपयोग नव्हता, कारण ठरवणारी मी नव्हते. पुसदचे पाहुणे येणार होते.

ते आले त्या दिवशी याडी घरी थांबली आणि मला मुद्दाम वावरात धाडलं. "तू इथं असली की लोकायले पाणी पिऊ देणार नाई," ती म्हणाली. ती हसत होती, पण मला हसू येत नव्हतं. काकीबरोबर दुपारपर्यंत वेचलं. किती वेचलं, कसं वेचलं, काही कळलं नाही. काकी एकदा म्हणाली, "पोट्टे, पत्ती घेऊन राह्यली कापसासंगं." खाली पाहिलं तर ओटीत वाळकी पानंच जास्त.

गाठोडं डोक्यावर घेऊन तांड्यात शिरले तर नायककाकांच्या अंगणात गर्दी. पाहुणे खाटेवर बसलेले. आणि बा उभा राहून परातीतून एकेकाला गूळ देत होता.

आमच्याकडं गूळ कधी वाटतात हे तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. सोयरीक पक्की झाली की चारचौघांत गूळ खातात. गूळ खाल्ला की शब्द दिला. मग कोणालाही मागं फिरता येत नाही, फिरला तर त्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही.

मी तिथंच थांबले. रडू आलं नाही, पण सगळं एकदम लांब गेल्यासारखं झालं: वर्ग, मॅडम, दुसरी फेरी. डोक्यात एवढंच आलं की आता बाला रोज काय सांगू? बुर्किना फासोचं आता कोण विचारणार?

नायककाकांनी मला पाहिलं. "ये व पुनम, ये. तुह्या बापानं आज कमाल केली. पाहुण्यायनं पावसाचं विचारलं, त्यानं सांगितलं. कापसाचं विचारलं, त्यानं सांगितलं. मंग म्हणते, आमच्या पोरीच्या देशातही वेचणी लागली. तिकडचा वारा सांगितला, धूळ सांगितली, बायायची अडचण सांगितली. चहा गार झाला पाहुण्यायचा."

पाहुणे हसले. मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या घरी घाई आहे, पोरीचं शिक्षण बाकी आहे. जमलं नाई, पण राग नाई. गूळ तं आम्हीही खाल्ला."

मला काहीच कळेना. जमलं नाही तर गूळ कशाचा?

बा परात घेऊन माझ्याजवळ आला. माझ्या डोक्यावरचं गाठोडं त्यानं उतरवून खाली ठेवलं आणि माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला.

"चवथ्या वर्साचा होय," बा म्हणाला. "साऱ्यायनं खाल्ला. मीही खाल्ला. आता मलेही फिरता येत नाई."

वेचून वेचून हाताला कापसाचे तंतू चिकटले होते, ते गुळाला लागले. अंगणातले सगळे माझ्याकडं बघत होते. तसाच तोंडात टाकला.